भिंतीपलीकडचा टीव्ही

केसरला चार महिने लेकीचा आवाज ऐकायला मिळाला नव्हता. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं, तेव्हा सहा वर्षांची जाई त्याच्याकडेच राहिली. माहेरी जेवायला बसलं की केसरचा घास हातातच राहायचा.

शेवटी तिने तालुक्याला जाऊन कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी बाईंकडे अर्ज दिला. बाई सासरच्या गावी चौकशीला आल्या आणि ग्रामपंचायतीसमोर सारं गाव जमलं. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष रंगनाथअण्णा हे केसरच्या सासरचे शेजारी. टोपी सारखी करत ते म्हणाले, "मॅडम, कायदा चांगलाच आहे, पण आमच्या गावाला त्याची गरज नाही. तंटामुक्तीचं बक्षीस मिळालेलं गाव आहे हे. हिचं रडणं कधी कुणी ऐकलंय का?"

केसर उठली.

"अण्णा, तुमच्या-आमच्या घरात एकच भिंत. मला मार बसायला लागला, की तुमचा टीव्ही मोठा व्हायचा. काही ऐकूच येत नव्हतं, तर आवाज कशापायी वाढवत होता?"

अण्णांचा हात पुन्हा टोपीकडे गेला. तेवढ्यात बायकांमधून त्यांचीच बायको, सुगंधाकाकू, उभ्या राहिल्या. "रिमोट यांच्याच हातात असायचा. साक्षीला माझं नाव लिहा, मॅडम."

पुढे कोर्टात काकूंनी तेच सांगितलं आणि जाईला आईकडे द्यायचा हुकूम झाला.

पोर आली, दारातच थबकली. मग हळूच येऊन आईकडे पाठ करून बसली. "आई, वेणी घाल."

केसरने वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. जाई एकदाही 'पुरे' म्हणाली नाही.