शिऱ्यातली गोळी

एकदा एक बातमी माझ्या कानावर अर्धीच आली. गिरणीत दळणाच्या रांगेत पुढे दोघी बोलत होत्या. "दिनकररावांनी सुतार सांगितलाय म्हणे. बहिणीच्या खोलीला कडी बसवून तिला..." एवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं ऐकूच आलं नाही. अर्धी बातमी मला पचत नाही. दळण तिथंच ठेवून मी थेट मार्थाबाईंच्या ओट्यावर गेले.

मार्थाबाई साळवे माझ्या शेजारी. मनोरुग्णालयात पस्तीस वर्षं परिचारिका होत्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणते. त्यांच्याकडे तेजस्विनी राहते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकातलं ती कॉलेजात शिकते आणि बाकीचं मार्थाबाईंकडे. दिनकररावांची बहीण इंदुमती तीन महिन्यांपूर्वी इस्पितळातून सुधारून घरी आली होती. तिची रोजची गोळी चुकू नये, हे पाहण्याचं काम तेजस्विनीनं स्वतः मागून घेतलं होतं.

मी पोहोचले तेव्हा तेजस्विनी डोळे पुसत होती आणि दिनकरराव येरझारा घालत होते. इंदुमतीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. "जेवणात विष घातलंय," एवढंच म्हणत होती.

"मी थकलो, सिस्टर," दिनकरराव म्हणाले. "रविवारी सुतार येतोय, खोलीला बाहेरून कडी. तरी नाही जेवली, तर पुन्हा इस्पितळ, आणि या वेळी कायमचं."

तेजस्विनी मध्येच म्हणाली, "चूक माझीच आहे. मावशी गोळी नको म्हणाल्या, म्हणून मी ती कुटून शिऱ्यात घातली. त्यांच्या बऱ्यासाठीच हो!"

"कडू लागली असणार," मार्थाबाई म्हणाल्या.

"साखर जास्त घातली होती."

"अगं, उभं आयुष्य जिनं शिरा केला, तिला साखर कळत नाही होय?"

मला वाटलं, आता पोरगी चांगली बोलणी खाणार. पण मार्थाबाई उठल्या आणि पलीकडच्या दिनकररावांच्या घरी जाऊन इंदुमतीला म्हणाल्या, "इंदूताई, माझं स्वयंपाकघर मोकळं आहे. तुमच्या हातानं काही करून खाता का?" इंदुमतीनं आधी त्यांचे रिकामे हात पाहिले. मग आली. मार्थाबाईंनी तिला डबे दाखवले, शेगडी दाखवली, विळी तेवढी हळूच बाहेर आणली. आणि म्हणाल्या, "आता आतून कडी लावून घ्या. कुणी आत येणार नाही."

कडी लागली. आम्ही सगळे बाहेर!

"सिस्टर, अहो, आत गॅस आहे!" दिनकरराव कासावीस झाले.

"म्हणून तर खिडकी उघडी ठेवलीय. शालनताई, तुम्ही नाहीतरी बघणारच होता. माझी नजर आता अधू झाली, तेव्हा नीट बघा आणि वावगं दिसलं की सांगा. दार जुनं आहे, एका धक्क्यात निघतं."

मला राग यायला हवा होता. पण मी तत्परतेनं खिडकीशी उभी राहिले.

"मोठ्या सिस्टर, हा कसला उपचार?" तेजस्विनीनं विचारलं.

मार्थाबाई ओट्यावर टेकल्या. "मी शिकायला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी हातात किल्ल्यांचा जुडगा दिला होता. थर्मामीटर महिन्यानं मिळाला. आमच्याही आधी साखळ्या होत्या. तेव्हा परिचारिका नव्हत्याच, राखणदार होते. माणूस पळू नये, एवढीच त्यांची शुश्रूषा. मग साखळी गेली, कुलूप राहिलं. मग गोळ्या आल्या. गोळीनं कित्येक माणसं आपल्या पायांनी घरी गेलेली मी पाहिलीत, तिला नावं ठेवू नका. पण चोरून दिलेली गोळी म्हणजे पुन्हा कुलूपच की गं! अशा रुग्णाच्या भीतीला हसायचं नाही, आणि तिच्या होला होही म्हणायचं नाही. आणि रुग्णाशी खोटं तर कधीच वागायचं नाही. इंदूताईंना आजारानं दहा खोट्या गोष्टी सांगितल्या असतील; अकरावी तू खरी करून दाखवलीस."

मग त्या दिनकररावांकडे वळल्या.

"आणि दिनकरभाऊ, बाहेरून लावलेल्या कड्या तिनं पुष्कळ पाहिल्यात. स्वतःच्या हातानं लावायची आजच पाहिली."

"पिठलं!" मी खिडकीतून कुजबुजले. "पिठलं हाटतेय!"

"मीठ घातलं का बघा," दिनकरराव पटकन म्हणाले. "ती विसरते."

थोड्या वेळानं दार उघडलं. इंदुमती ताट घेऊन बाहेर आली आणि ओट्याच्या कडेला बसून जेवू लागली. दिनकररावांनी तोंड फिरवून नाक पुसलं. मार्थाबाईंनी न सांगताच तेजस्विनी उठली. गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट तिनं ताटाशेजारी ठेवलं.

"मावशी, परवा शिऱ्यात मी ही गोळी घातली होती. तुम्हाला न सांगता. माझं चुकलं."

इंदुमतीचा घास हातातच राहिला. "म्हणजे होतंच ना काहीतरी! सगळे म्हणत होते, माझ्या मनाचे खेळ."

"होतं. विष नव्हतं, मावशी, औषध होतं. पण तुम्हाला विचारलं नव्हतं."

"हिच्यानं तोंड कोरडं पडतं माझं."

"पडतं. सोमवारी डॉक्टरांना सांगू. मी येते बरोबर."

इंदुमतीनं पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं, सावकाश जेवण संपवलं. मग स्वतः गोळी काढली, स्वतः पाणी ओतून घेतलं आणि गिळली. "शिरा बरा करतेस," ती तेजस्विनीला म्हणाली, "साखर जरा हात राखून घाल." तेजस्विनी रडता रडता हसली.

रविवारी सुतार खरंच आला. मी अर्थातच तिथे होते. दारापाशी उभा राहून त्यानं दिनकररावांना विचारलं, "कुठल्या बाजूनं बसवू?"

दिनकररावांनी बहिणीकडे बोट केलं. "मला काय विचारता?" ते म्हणाले. "खोली तिची आहे."

"आतून," इंदुमती म्हणाली.

"हलकीच बसवा," मार्थाबाईंनी सांगितलं, "धक्क्यानं निघेल इतपत."

गिरणीतली बातमी खोटी नव्हती. सुतार आला होता, कडीही बसली. तिची बाजू मात्र इंदुमतीनं ठरवली.