सोमिलाची अवघडलेली मान

पूर्वी वेत्रपुरावर एक राजा राज्य करीत होता. त्याचे या कथेत काही काम नाही. त्याच्या राज्यात बोधिसत्त्व जुन्या वस्तू घेऊन विकणाऱ्या एका कुळात जन्मला. त्याचे नाव सोमिल.

सोमिल घरोघर फिरे, जुने सामान घेई आणि दर पंधरवड्याला नदीच्या वाळवंटात भरणाऱ्या जुन्या बाजारात मांडी. मोडक्या समया, झिजलेले पाटे, दारांच्या कड्या, बैलांच्या घंटा, कोणाच्या तरी पणजोबाचा अडकित्ता. घेणारे तीन तऱ्हेचे असत. काही सुतार आणि तांबट होते. ते जुन्या दाराचा पाळणा करीत, फुटक्या घंगाळाचे दिवे करीत. काही दुसऱ्या गावी नेऊन विकणारे होते. बाकीचे नुसते साठवणारे. त्यांना वस्तूचा उपयोग विचारला की राग येई.

या धंद्याची एक रीत होती. जी वस्तू हवी तिच्याकडे पाहायचे नाही. शेजारची उचलायची, तिला नावे ठेवायची, बराच वेळ घासाघीस करायची आणि निघताना सहज म्हणायचे, "बरं, हेही टाक त्यात." पाहिले की भाव वाढला. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे बाजारात कोणीच कशाकडे पाहत नसे. माणसे आकाशाकडे बघत चालत आणि एकमेकांवर आदळत.

सोमिलाची पारख नगरात पहिली. म्हणून लोक त्याच्या मागे फिरत आणि तो कशाकडे पाहत नाही ते पाहत. त्याने जिच्याकडे पाठ फिरवली ती वस्तू हातोहात खपे. ज्या वस्तूकडे तो टक लावून बघे तिला कोणी फुकट नेत नसे.

त्या नगरात गजदत्त नावाचा शेठ होता. तो साठवणाऱ्यांतला. त्याच्या घरात सतरा पाळणे होते आणि मुले कधीच मोठी होऊन परगावी गेली होती. स्वयंपाकघरात दुसऱ्यांची स्वयंपाकघरे भरलेली. त्याची बायको मृणाला अंगणात चूल मांडी आणि निजायला जाताना रथाच्या दोन चाकांमधून आडवी शिरे. वस्तूंच्या पायी गाय गेली होती, शेत गेले होते. आजोबांनी बांधलेले सागवानी घर तेवढे उरले होते.

एकदा पडक्या आडातून जुना रहाट ओढून काढताना सोमिलाची मान अवघडली. ती उजवीकडे वळली आणि तिथेच राहिली. डावीकडे आणायला गेले की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

वेशीजवळ पिंगला नावाची म्हातारी भडभुंजीण राहत असे. तापलेल्या वाळूत ती चणे भाजी. वाळूचा शेक मानेला चांगला, म्हणून सोमिल तिच्या झोपडीत गेला.

"आजी, जरा वाळू बांधून दे."

"बस तिथं. तोंड इकडं कर."

"तेवढंच करता येतंय."

पिंगलेने गरम वाळूची पुरचुंडी त्याच्या मानेवर धरली. त्याच्या उजव्या हाताला भट्टी आणि दार होते. डाव्या हाताला कोपरा होता. कोपऱ्यात एक फुटके खापर, एक बूड नसलेली टोपली, एक लंगडा चौरंग आणि एक शेळी.

बाजारातला एक जण चणे घ्यायला आला होता. त्याने दारातून पाहिले. सोमिल डावीकडे बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी चौघे आले. त्या दिवशीही सोमिल डावीकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी दारात इतकी गर्दी झाली की चणे घ्यायला आलेल्यांना जागा उरली नाही.

"तीन दिवस झाले," एक जण म्हणाला. "एकदाही मान वळवली नाही."

"मी तर शेळीला दगड मारून पाहिला. ती ओरडली. तरी बघितलं नाही."

"मग मोठंच काहीतरी असणार."

गजदत्त गर्दीतून पुढे आला. त्याने कोपरा पाहिला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"आजी, हे खापर किती जुनं?"

"माझ्या सासूच्या सासूचं."

"आणि शेळी?"

"ती माझ्यापेक्षा लहान आहे."

गजदत्ताने मागची गर्दी पाहिली. एकेक वस्तू घेत बसलो तर दुसरी कोणीतरी पळवील, असे त्याला वाटले. तो म्हणाला, "आजी, झोपडी आहे तशी मला दे. काडीही हलवू नकोस. बदल्यात माझं घर घे."

"कोणतं? ते राजरस्त्यावरचं?"

"तेच."

पिंगलेच्या हातातली पुरचुंडी सोमिलाच्या मानेवर जोरात दाबली गेली. सोमिल कळवळला. गर्दीने एकमेकांकडे पाहिले. सौदा हातचा गेला म्हणून सोमिल कळवळला, असे सर्वांना वाटले.

वेत्रपुरात घराचा व्यवहार पंचांसमोर होई. घर देणारा ओंजळीत पाणी घेऊन ते भुईवर सोडी. पाणी पडले की व्यवहार पक्का, मग तो राजालाही मोडता येत नसे. दुसऱ्या सकाळी पाणी सोडायचे ठरले.

गर्दी पांगल्यावर पिंगला म्हणाली, "सोमिल, तू उघड्यावर सामान ठेवतोस. पावसात तुझं लाकूड कुजतं. त्या घराला सहा खोल्या आहेत. तीन तुझ्या."

"कशाबद्दल?"

"उद्या दुपारपर्यंत मान आहे तशी ठेव."

"आजी, हे खोटं आहे."

"मी काय खोटं बोलले? खापर सासूच्या सासूचं आहे. शेळी लहान आहे."

"तू नाही बोललीस. माझी मान बोलली."

"मग तिला बोलू दे! तुला कुठे काही करायचंय?"

सोमिलाने विचार केला. त्याला तीन कोरड्या खोल्या हव्या होत्या, हे खरे. काही करायचे नव्हते, हेही खरे. उलट मान दुखत होती. ती तशीच ठेवणे सुखाचे होते.

तो उठला आणि वाकड्या मानेने गजदत्ताच्या घरी गेला. मृणाला अंगणात भाकरी थापत होती. गजदत्त ओट्यावर बसला होता.

"शेठ," सोमिल म्हणाला, "माझी मान अवघडली आहे. म्हणून मी डावीकडे बघत नव्हतो. त्या कोपऱ्यात काही नाही."

गजदत्त हसला. "सोमिल, मी या बाजारात तुझ्याआधीपासून आहे."

"शपथ घेतो."

"शपथ घेण्याइतकं मोठं आहे तर ते!" गजदत्त म्हणाला आणि आनंदाने आत गेला. आत जायला त्याला तीन पाळणे ओलांडावे लागले.

मृणालेने तव्यावरची भाकरी उलटली. "सोमिलभाऊ, खरं काय आहे तिथं?"

"शेळी आहे, वहिनी."

"माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाचा उपयोग नाही. मी बोलले तर म्हणतील, बायकोला फितवलं." तिने हात झाडले. "उद्या पाणी पडलं की मी भावाकडे जाणार. या अंगणात निदान चूल माझी होती."

सोमिल परत आला. खरे सांगून झाले होते आणि त्यामुळे शेठचे घर उलट जास्तच धोक्यात आले होते. तोंडाने सांगितलेले कोणी मानत नव्हते. लोक फक्त त्याच्या नजरेचे मानत होते. आता काय करावे लागणार ते त्याला समजले, आणि त्याला मनापासून भीती वाटली. त्याची मान फार दुखत होती.

दुसऱ्या सकाळी पाच पंच झोपडीत आले. बाहेर सगळा जुना बाजार लोटला होता. पिंगला नवे लुगडे नेसली होती. सोमिल रोजच्या जागी बसला होता. मृणाला गाठोडे घेऊन आली आणि भट्टीपाशी दारात उभी राहिली.

"मी जाण्याआधी बघून घेते," ती म्हणाली. "आजेसासऱ्यांचं घर कशापायी गेलं ते."

पंचांनी गजदत्ताच्या ओंजळीत पाणी ओतले.

"बोला, शेठ. घर दिलं?"

"थांबा," सोमिल म्हणाला.

"मला ठाऊक होतं, हा थांबा म्हणणार," गजदत्त म्हणाला. त्याने बोटे आवळून धरली होती, तरी मनगटावरून थेंब ओघळत होते.

"शेठ, आपल्या बाजारात हवं त्याच्याकडे कोणी बघत नाही. मीही नाही. न बघून मी पुष्कळ वस्तू स्वस्तात नेल्या. बायाबापड्यांना कळलं नाही, त्यांच्या घरातून काय गेलं. आजपासून मी बघूनच घेईन. सुरुवात इथूनच करतो."

पिंगला पुढे झाली. "बाळा, वळू नकोस! मान मोडेल!"

सोमिलाने दोन्ही हातांनी स्वतःचे डोके धरले आणि डावीकडे वळवले.

कडकन आवाज झाला. एका पंचाने कानांवर हात ठेवले. सोमिलाच्या डोळ्यांतून पाणी आले, पण त्याने डोळे मिटले नाहीत. त्याने खापराकडे पाहिले, टोपलीकडे पाहिले, चौरंगाकडे पाहिले. शेळीकडे तर इतका वेळ पाहिले की ती उठून उभी राहिली.

"इथं खापर आहे," तो म्हणाला. "फुटलेलं. टोपलीला बूड नाही. चौरंगाला तीन पाय. आणि ही शेळी. एवढंच आहे."

बाहेर कुजबुज झाली. "बघतोय... टक लावून बघतोय."

"मग गेलं सगळं. माती आहे ती."

गर्दी पातळ होऊ लागली. गजदत्ताचा चेहरा उतरला. पण जन्माची सवय एका सकाळी सुटत नाही. सोमिल डावीकडे बघतो आहे, म्हणजे तो उजवीकडे बघत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. ओंजळ तशीच धरून तो झटक्याने उजवीकडे वळला.

तिथे मृणाला उभी होती.

गजदत्त बघतच राहिला. तिच्या हातात गाठोडे होते. कपाळाला चुलीची राख लागली होती.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही चाकं आणलीत त्या वर्षी."

"मला बोलली नाहीस."

"चाकांच्या पलीकडून ओरडून सांगायचं होतं का?"

गजदत्ताच्या कोपरावरून थेंब लोंबत होता, पडायच्या बेतात.

"शेठ," एक पंच म्हणाला, "घर दिलं का?"

गजदत्ताने कोपर उचलले, ओंजळ तोंडाला लावली आणि सगळे पाणी पिऊन टाकले.

"तहान लागली होती," तो म्हणाला.

पिंगलेने शेळीला हाताशी येईल ते फेकून मारले आणि सोमिलाला झोपडीबाहेर काढले. पुढे तिने त्याला कधी वाळू दिली नाही. त्याची मान महिनाभर डावीकडे राहिली. गजदत्ताने चाके सुतारांना देऊन टाकली. पाळणे द्यायला त्याला आणखी दोन वर्षे लागली. सोमिल वस्तूकडे सरळ बघून, तिची खरी किंमत सांगून ती घेऊ लागला. तो श्रीमंत झाला नाही. त्याचे लाकूड पावसात कुजतच राहिले.

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा संपवून जन्मांची जोड लावून दिली. "भिक्षूंनो, थोर भिक्षूंची जुनी भिक्षापात्रे मागून आणून अंथरुणाखाली सात पात्रे दडवणारा तुमच्यातला हा भिक्षू तेव्हा गजदत्त होता. एका तोंडाला किती पात्रे लागतात, असे त्याला रोज विचारणारी उपासिका मृणाला होती. विहाराच्या रस्त्यावर चणे विकून भिक्षूंनाही मापात कमी देणारी म्हातारी पिंगला होती; तिचा राग अजून गेलेला नाही. सोमिल मीच होतो."

हे सत्याचे आचरण होय. तोंडाने खोटे बोललो नाही, एवढ्याने ते पुरे झाले असे कोणी समजू नये.