गोठलेल्या तळ्यावर पहिला पाय

फार पूर्वी बर्फाच्या डोंगरांत एक नियम होता. तळं गोठलं की सर्वांत हलक्या खेळाडूनं त्यावर आधी चालून दाखवायचं, आणि का ते विचारायचं नाही. सर्वांत हलकी होती टिकली नावाची तरुण सशीण.

एका हिवाळ्यात तळं गोठलं, पण त्यावरचा काठीनं अक्रोड टोलवायचा खेळ सुरूच झाला नाही. प्रेक्षक आणतात त्या जर्दाळूंत खेळाडूंचा वाटा किती, यावरून तळ्याचा मालक याक आणि खेळाडूंचा म्होरक्या कोल्हा यांचं वाजलं. याकानं सामने बंद ठेवले.

टिकली याकाकडे गेली. "खेळ वाचवायलाच भांडतोय, पोरी," तो म्हणाला. कोल्हाही अगदी तेच म्हणाला. मग खेळ बुडवतंय कोण, हे तिला कळेना.

शेवटी चैत्रात दोघांचं जुळलं.

"चल टिकले, चालून दाखव," कोल्हा म्हणाला.

काठाशी बर्फ सुटला होता आणि फटीत पाणी डुचमळत होतं.

"कोल्होबा, पौषात म्हणाला असतात तर धावत गेले असते. आता मी जाणार नाही. तुमचं जुळलंय ना, मग तुम्हीच आधी पाय ठेवा."

याकानं खूर उचलला आणि परत काठावरच ठेवला. कोल्हा पाण्याकडे बघत राहिला.