वरजाईच्या राईत पोरं आधी का शिरतात

डोंगराच्या पोटाशी दिसतो तो गर्द पट्टा म्हणजे वरजाईची राई. मधोमध उभा आहे तो बेहडा, चौघांच्या कवेत न मावणारा. माघ लागला की त्याची पानं तांबूस होऊन गळतात आणि खाली पोरांच्या गुडघ्यापर्यंत साचतात. दुसऱ्या देवरायांत वाळकं पान उचलायचीही कुणाची छाती होत नाही. इथं मात्र माघी पुनवेला पोरं आधी आत शिरतात आणि देवीची पूजा मागाहून होते. बाहेरगावचे लोक नाकं मुरडतात. मुरडोत बापडे.

फार पूर्वी इथलाही नियम तोच होता, म्हणे. राईतलं पान शिवेच्या दगडांबाहेर गेलं तर देवी कोपते, गावावर अरिष्ट येतं. त्यावर उतारा एकच. ज्यानं पान नेलं, त्याला दिवस मावळेपर्यंत एकट्याला राईत सोडायचं. परत आला तर देवीनं माफ केलं. त्या काळी राईत बिबट्याचा वावर होता, तेव्हा देवी फारसं कुणाला माफ करत नसे.

गावात धाकलाबाई नावाची विधवा होती. माघात सगळी माणसं शेत भाजायला पालापाचोळा गोळा करीत माळावर जात आणि वाडीतली चिल्लीपिल्ली तिच्या ओसरीवर ठेवून जात. तिची स्वतःची लेक कुशी तीन वर्षांची. एके सकाळी बेहड्याचं एक पान गिरक्या घेत खाली येत होतं. कुशी त्याच्यामागे धावली, शीव ओलांडून आत गेली आणि मूठ मिटून हसत बाहेर आली. नेमकं ते राणोजी गावकरानं पाहिलं. राणोजी म्हणजे देवीचा मानकरी, त्याच्या शब्दावर गाव चालायचं.

"नियम तो नियम," तो म्हणाला. "दुपारी पोरीला आत सोडायची."

तुम्हांला वाटेल धाकलाबाई रडली असेल, पाया पडली असेल. छे! ती एवढंच म्हणाली, "सोडते. मीच सोडते."

दुपारी तिनं कुशीला कडेवर घेतलं, एक रांगतं पोर पाठीला बांधलं आणि वाडीतली झाडून सारी पोरं घेऊन राईत शिरली. त्यांत राणोजीचा नातू बाबल्याही होता, कारण त्यालाही तीच सांभाळायची. "खेळा रे," ती म्हणाली. पोरांना आणखी काय हवं? ती पानांत लोळली, पानं चुरचुर तुडवली, एकमेकांना मानेपर्यंत पुरलं. बाबल्यानं तर देवीच्या शेंदरी दगडावरच ओंजळ उधळली.

गाव धावत आलं आणि शिवेवर थबकलं. आयाबाया ऊर बडवायला लागल्या.

"धाकले, पोरांना भाईर काढ!" राणोजी ओरडला.

"का वो? नियम तो नियम न्हवं? बगा, समद्यांच्या मुठीत पानं हायत, ती घिऊनच भाईर येतील. आता एकेकाला सोडा हितं. बाबल्यापास्नं सुरू करा."

राणोजीला राहवेना. तो स्वतः आत शिरला, नातवाला उचललं, त्याची मूठ उघडून पान खाली टाकलं आणि माघारी वळला. तेवढ्यात, वारा अगदी पडलेला असताना, बेहड्यानं भराभर पानं सोडली, असं सांगतात. आता माघात बेहडा पानं सोडणारच, असं शहाणे म्हणतील. पण जुनी माणसं ती देवीची करणी मानतात, आणि मीही मानते.

राणोजी शिवेबाहेर येऊन उभा राहिला. धाकलाबाई मोठ्यानं हसली. "गावकर, पागोट्याला हात लावून बगा!"

पागोट्याच्या पिळात एक तांबूस पान अडकलं होतं.

मग गर्दीतून एक बाई म्हणाली, "दिस मावळंस्तोवर एकट्याला सोडायचं न्हवं?" तिला पाहून दुसरी म्हणाली, मग तिसरी. राणोजीनं बाबल्याला खाली ठेवलं. पोर तुरुतुरु पुन्हा राईत पळालं. राणोजीनं पागोटं उतरवून शिवेच्या दगडावर ठेवलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून तो उतारा बंद झाला.

आजही माघी पुनवेला राणोजीच्या घराण्यातला गावकर शिवेवर उघड्या डोक्यानं बसतो. पोरं आतून ओंजळी भरभरून आणतात आणि त्याच्या डोक्यावर ओततात. त्यानं एकही पान झटकायचं नाही. पोरं दमेपर्यंत पूजा थांबते, आणि "पुरे आता" म्हणायचा हक्क इथं कुठल्याच मोठ्या माणसाला नाही.

तेव्हा ताई, लेकाचा हात सोडा. जाऊ द्या त्याला आत.