म्हाकूचं हिरवं लुगडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, माझ्या पणजीलाही ठाऊक नव्हतं. चिलारवाडीत म्हाकू नावाचा धनगर राहायचा. अंगाने आडदांड, आणि मिशी अशी की ताक प्यायला बसला तर निम्मं ताक मिशीच प्यायची. हात मात्र हलका. अडलेल्या मेंढीच्या पोटातलं कोकरू तो बोटांनी ओळखायचा आणि अलगद फिरवायचा. त्याच्या हातून एकही कोकरू दगावलं नाही, असं म्हणतात.

एकदा कोंडाईची सून हौसा बाळंतपणाला अडली. मूल पोटात आडवं. सुईण पैलतीरी गेलेली आणि नदीला पूर. एक दिवस गेला, दुसऱ्या दिवशीचं ऊन डोक्यावर आलं, हौसाचा आवाज बारीक होत चालला. तेव्हा तिचा नवरा शिदू धावत रानात गेला आणि म्हाकूला हाताला धरून घेऊन आला.

पण दारात कोंडाई आडवी उभी.

"बाप्या मानसानं बाळंतिनीच्या खोलीचा उंबरा वलांडायचा न्हाई. देवीचा कौल हाय."

वाडीत ही रीत फार कडक होती. नवऱ्याला नाही, वैद्यालाही नाही. कोंडाईचे डोळे सुनेसाठी भरून वाहत होते, पण पाय उंबऱ्यावरून हलत नव्हता. म्हाकूने डोकं खाजवलं.

"बाप्यानं न्हाई ना, आजी? मग लुगडं द्या."

कोंडाईने पेटी उघडली आणि आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढून दिलं. म्हाकूने परड्यात जाऊन ते नेसलं. कासोटा धोतरासारखा घातला, तो एक वेळ चालून गेला असता. पदर डोक्यावर घ्यायचा, एवढं त्याला माहीत होतं. पण जन्माची सवय! हातांनी आपोआप पदराचा फेटाच बांधला.

तो तसाच आत गेला. हाताला तेल लावलं, डोळे मिटले आणि मूल हळूहळू सरळ केलं. पण आता हौसाच्या अंगात कळ द्यायची ताकद उरली नव्हती.

"माझ्यात काय बी न्हाई उरलं, बाई," ती पुटपुटली आणि तिने डोळे उघडले.

समोर हिरवं लुगडं, हिरवा फेटा आणि मधोमध ती मिशी!

हौसाला हसू फुटलं. आधी बारीक, मग असं खदाखदा, की सगळं अंग हललं. त्या हसण्यातच लेक जन्मली. ती रडलीच नाही, आईबरोबर हसत आली, असं म्हणतात. मला हे खरं वाटतं.

म्हाकू लुगडं परत द्यायला गेला, तर कोंडाई म्हणाली, "ठेव तुझ्यापाशीच. पुन्यांदा लागंल."

आणि लागलं. पुढची चाळीस वर्षं पंचक्रोशीत कुणी अडली की म्हाकू लुगडं नेसून हजर. दर बाळाच्या दुपट्यासाठी तो त्यातून एक तुकडा फाडून द्यायचा, तरी लुगडं मोजावं तेव्हा नऊ वारच भरायचं, असं म्हणतात. त्याला कुणी बायल्या म्हटलं की कोंडाई काठी घेऊन उठायची.

आजही चिलारवाडीत बारशाला बाप हिरवं लुगडं नेसतो, पदराचा फेटा बांधतो आणि पाळण्यापाशी उभा राहतो. मिशी नसेल तर काजळाने काढतात. यंदा पुण्याहून आलेला एक इंजिनिअर बाप लाजून लाल झाला होता, पण उभा राहिला. बाळाची आई हसल्याशिवाय आत्या कानात नाव सांगत नाही.

आणि ती हसलीच नाही तर? ते कुणालाच माहीत नाही. अजून एकदाही तसं झालेलं नाही.