चालू बोअर

गावाचं पाणी संपवलं सटवाजी पाणाड्यानं. म्हातारी माणसं पावसाला दोष देतात. साफ खोटं. तळहातावर नारळ आडवा धरायचा, शिवारभर हिंडायचं, नारळ उभा राहिला की तिथं बोअर. चाळीस वर्षं या माणसानं हेच केलं. आणि म्हाताऱ्यांनी तो म्हणेल तिथं जमिनीला भोक पाडलं.

आता पिण्याचा एकच आड उरलाय. खालच्या वस्तीचा.

"...मग मीच का थांबायचं, आबा?" खालच्या वस्तीतला अंगद विचारत होता. "तीन वर्षं तुमच्या मागं फिरलो. आता कुठं नारळ माझ्या हातात उभा राहायला लागला. उद्या बोअरचा पहिला पॉइंट दाखवायचाय, माझ्या नावाचा. आणि तुम्ही म्हणता, नको."

सटवाजी स्वतःच्याच शेतात, स्वतःच्याच बोअरपाशी उकिडवा बसला होता. मोटार वर काढून बाजूला टाकलेली. शेजारी ट्रॉलीभर दगड.

"कुठं दाखवायचाय?"

"देवराव गुरुजींच्या मळ्यात."

"आडापासनं किती पावलं?"

"...चाळीस."

"बोअर लागला की आड किती दिवस टिकंल?"

अंगदला उत्तर माहीत होतं. तीन वर्षं तेच तर शिकला होता.

"टँकर येईल वस्तीला," तो म्हणाला. मग चिडला. "तुम्ही जन्मभर पोटभर जेवलात आबा. आता माझं ताट वाढलं तर त्यात माती कालवताय!"

"खरंय," म्हातारा म्हणाला.

त्यानं एक दगड उचलला आणि बोअरच्या पाइपात सोडला.

बराच वेळ काहीच नाही...

मग खोल कुठंतरी, बारीक, डुबुक.

अंगदनं पिशवीतून नारळ काढला. बोअरशेजारी उभं राहून तळहातावर आडवा ठेवला. नारळ हलला, सरळ उभा राहिला.

"आबा, पाणी आहे की खाली!"

"आहे."

"मग बुजवताय कशाला?"

"आहे म्हणूनच." दुसरा दगड गेला. "कोरडा तर कुणीबी बुजवंल."

तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली. देवराव गुरुजी. रिटायर हेडमास्तर, गावच्या जलजागृती समितीचे अध्यक्ष. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीला निळा बिल्ला.

"सटवाजीराव, उद्या दहाला या. शाळेच्या पटांगणात सभा आहे. धुरळा बसावा म्हणून सडा मारायला टँकर सांगितलाय. तुम्ही दोन शब्द बोला. लोक तुमचं ऐकतात."

"काय बोलू?"

"हेच, पाणी जपा. दात घासताना नळ बंद ठेवा. मग सामुदायिक शपथ, मग जेवणं. आणि जेवणं झाली की..." गुरुजींनी अंगदकडं पाहून डोळा मारला, "...आपला तेवढा पॉइंट."

"खालच्या वस्तीत नळ कुणाकडंय, गुरुजी?" अंगद म्हणाला.

"अरे, मुद्दा जागृतीचा आहे. लोक जागे व्हायला पाहिजेत."

"झोपलंय कोण? शेतीची लाइट रात्री येते. मोटारी चालू करायला अख्खा गाव जागाच असतो."

"नववीत शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये."

"सोडली म्हणून तर विचारता येतंय."

सटवाजीनं एक दगड उचलून गुरुजींपुढं धरला.

"भाषण नको. हा टाका."

गुरुजींनी पाइपात डोकावलं.

"वेडबिड लागलं काय? चालू बोअर आहे हा!"

"तुमचे किती चालू आहेत?"

"...तीन."

"मग चौथा?"

"माझा मळा आहे. माझ्या जमिनीत मी काहीबी करीन." गुरुजी अंगदकडं वळले. "उद्या येतोयस का, का शेजारच्या गावचा पाणाड्या आणू?"

अंगदनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारा दगड तसाच हातावर धरून बसला होता.

अंगदनं तो उचलला. पाइपात सोडला.

डुबुक.

"आणा," तो म्हणाला. "बोअरची गाडी आडावरूनच आणावी लागंल. तिथं आम्ही बसलेलो असू, सगळी खालची वस्ती. म्हणावं, आमच्या अंगावरनं ने."

"माजलात तुम्ही!"

"हो."

"...बघून घेईन." मोटरसायकल निघून गेली.

दोघं दगड टाकत राहिले. ऊन कललं तसा डुबुक आवाज बंद झाला. दगडावर दगड वाजायला लागला.

अंगदनं हात झटकले. बोटं सोलली होती.

"माझा पहिला पॉइंट गेला, आबा. उद्यापासनं मला कुणी बोलवायचं नाही." तो थांबला. "तुमचं काय गेलं? तुमचं तर सगळं करून झालं होतं."

सटवाजीनं पाइपावर झाकण बसवलं. वरून एक धोंडा ठेवला.

"बोअर बुजवतो म्हणालो, तर थोरला पोरगा सकाळी वेगळा निघाला," तो म्हणाला. "नातवंडं घेऊन गेला."