मेयोनीजशिवाय कुपा

"मग हे सगळं एकमेकांना धरून राहणार कशानं?"

निशिकांत वैंगणकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

याकूबचाचा कांदा चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मासा एकीकडे, कांदा दुसरीकडे, काकडी तिसरीकडे. याला सॅलड म्हणत नाहीत, चाचा. पसारा म्हणतात."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"पसारा म्हणू."

खाडीकाठच्या टेकडीवर पिराचा एक लहानसा दर्गा होता. त्याच्यामागे पत्र्याची खोली आणि खोलीत चूल. याकूबचाचा होडेकर एकतीस वर्षं मोठ्या बोटींवर भंडारी होते. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. बोटीवरचं काम सुटल्यावर ते इथं येऊन राहिले. दुपारी जो कोणी टेकडी चढून येईल त्याला जेवू घालायचे. उपदेश करायचे नाहीत. तरी लोक काहीबाही विचारायला यायचे आणि जेवून जायचे.

निशिकांत विचारायला आला नव्हता. भांडायला आला होता.

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात तो बावीस वर्षं शेफ होता. त्याचं ट्यूना सॅलड खायला लोक लांबून यायचे. ट्यूना म्हणजे आपला कुपाच, पण तिथं कुपा म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यातलं मेयोनीज तो स्वतः घोटायचा. अंड्याचा बलक, आणि त्यात थेंबाथेंबानं तेल. त्या भांड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

चार महिन्यांपूर्वी ते भांडं हातात असतानाच तो मटकन खाली बसला. छातीत कळ, अंगभर घाम. हृदयात दोन स्टेंट घातले तेव्हा वाचला.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. बलक नाही, लोणी नाही, साय नाही. मेयोनीज तर नाहीच. मीठसुद्धा जपून.

निशिकांतनं तो कागद डॉक्टरांच्या समोर फाडला.

"मी स्वयंपाकी आहे. पथ्याचं शिजवणारा नाही."

हॉटेलनं त्याला पथ्याच्या पदार्थांचं काम देऊ केलं. तो टोपी टेबलावर ठेवून निघून आला. घरी वृंदानं, त्याच्या बायकोनं, उकडलेल्या भाज्या पुढं ठेवल्या. त्यानं ताट सरकवलं. जेवीन तर माझ्यासारखं, नाहीतर नाही, हा एकच हेका. महिन्याभरात कपडे अंगावर लोंबायला लागले. शेवटी वृंदानं हात टेकले आणि त्याला गावी, थोरल्या बहिणीकडं पाठवलं.

कुंदाताईनं आठवडाभर त्याच्यापुढं डोकं आपटलं. मग तीही वैतागली.

"वर दर्ग्यातले चाचा पाव तासात कुप्याची कोशिंबीर करतात. ना अंडं, ना तेलाचा थेंब. लोक बोटं चाटून खातात. तुझ्या मुंबईला जे जमलं नाही, ते त्या म्हाताऱ्याला जमतं!"

हे मात्र निशिकांतला झोंबलं.

सकाळी उठून त्यानं मेयोनीज घोटलं, बरणीत भरलं, बरणी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि टेकडी चढायला लागला. तीनदा दगडावर बसून धाप टाकली. पण चढला.

आता ती बरणी त्यानं चाचांच्या पाटाशेजारी ठेवली.

"तुम्ही तुमचं करा, मी माझं करतो. मासा एकच. खाणाऱ्यांना ठरवू द्या."

चाचांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

"आणि ठरल्यावर?"

"मी जिंकलो तर यापुढं मला कुणी पथ्य सांगायचं नाही. बहिणीनं नाही, बायकोनं नाही, डॉक्टरनं नाही. मी माझ्या मनासारखं खाईन आणि माझ्या मनासारखा मरेन."

"आणि हरलात?"

"मी हरत नाही."

चाचांनी उकडलेल्या कुप्याचं पातेलं दोघांच्या मधोमध ठेवलं. हळद आणि कोकम घातलेल्या पाण्यात शिजलेले जाड तुकडे होते.

"धाकू तांडेलची होडी धक्क्याला लागलीय," ते म्हणाले. "जेवून, पाणी उतरायच्या आत त्याला पलीकडं जायचंय. पाव तास आहे."

दोघं कामाला लागले.

चार महिन्यांनी निशिकांतच्या हातात सुरी आली होती. त्यानं काटे काढले, मासा मोकळा केला, कांदा बारीक चिरला, बरणी उघडली.

मधेच त्याचं लक्ष चाचांच्या वाडग्याकडं गेलं. कांद्याचे ओबडधोबड तुकडे. काकडी सालासकट. वर अर्धं लिंबू पिळलेलं, बियांसकट.

"बिया तरी काढा!"

"बरं," म्हणत चाचांनी एक बी काढली.

निशिकांतनं कपाळाला हात लावला.

धाकू तांडेल आला. सोबत त्याचे दोन खलाशी. उन्हानं तापलेले, भुकेले. चाचांनी नाचणीच्या भाकऱ्या वाढल्या आणि दोन्ही वाडगे मधे ठेवले. कुठला कुणाचा, ते सांगितलं नाही.

निशिकांत दाराला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला.

तिघांनी दोन्हीकडचं खाऊन पाहिलं. मग तिघांचेही हात एकाच वाडग्याकडं जायला लागले.

"हे काय आहे हो?" धाकू म्हणाला. "घशाखाली कसं गेलं, कळलंच नाही. लोण्यासारखं."

शेवटी त्यानं भाकरीच्या तुकड्यानं तो वाडगा पुसून घेतला. दुसरा तसाच होता. धाकूनं त्या उरलेल्या वाडग्याकडं बघितलं, मग चाचांकडं.

"चाचा, रागावू नका... आज तुमचं काही खरं नाही."

"दिसतंय," चाचा म्हणाले.

ते तिघं टेकडी उतरून गेले.

खोलीत दोघंच उरले.

"पाहिलंत?" निशिकांत म्हणाला.

"पाहिलं."

"माझं संपलं."

"संपलं."

"तुमचं उरलं."

"उरलं."

"मग मी जिंकलो."

"जिंकलात. आता तुम्हाला कुणी पथ्य सांगायचं नाही. कुंदाला मी निरोप धाडतो."

निशिकांत वाट बघत राहिला. या माणसानं आता वाद घालावा, मेयोनीजला नावं ठेवावीत, निदान मुलाबाळांची आठवण करून द्यावी. त्या सगळ्याला त्याच्याकडं उत्तरं तयार होती.

चाचांनी दोन ताटं मांडली. उरलेला वाडगा अर्धा अर्धा केला. एक ताट निशिकांतच्या पुढं सरकवलं.

"जेवा."

"हे? हरलेलं?"

"जिंकलेलं संपलं."

"मी हे खाणार नाही."

"नका खाऊ. पण दुसरं काही नाही."

बिस्मिल्ला म्हणून चाचा जेवायला लागले.

निशिकांत उभाच होता. टेकडी चढून आला होता, भर उन्हात चुलीपाशी बसून राबला होता. पोटात खड्डा पडला होता. त्यानं आपला वाडगा उचलून पाहिला. धाकूनं एक ओघळसुद्धा मागं ठेवला नव्हता.

तो धप्पकन खाली बसला.

"मी फक्त चुका दाखवायला खातोय. लक्षात ठेवा."

"बरं."

पहिला घास तोंडात गेला आणि तो उसळलाच.

"मीठच नाही यात!"

"नाही?"

"चिमूटभरही नाही!"

"राहिलं असेल."

"कांदा उग्र. काकडीला पाणी सुटलंय. लिंबाचा आंबटपणा नुसता वरवर. आणि मासा..."

तो थांबला. अजून एक तुकडा तोंडात टाकला. नुसता. डोळे बारीक करून चावत राहिला. बावीस वर्षं त्यानं कुपा डब्यातून काढला होता आणि मेयोनीजमधे बुडवला होता. नुसता कधी खाल्ला नव्हता.

"मासा चांगला आहे," तो नाइलाजानं म्हणाला.

"तो माझा नाही. मी फक्त उकडला."

"इतक्या चांगल्या माशाची ही दशा?" निशिकांतचा आवाज चढला. "शरम वाटली पाहिजे! मोहरी आहे का घरात?"

चाचांनी डाव्या हातानं फळीकडं बोट दाखवलं.

निशिकांतनं दोन्ही ताटं उचलली. चाचांच्या पुढचंही. घास हातात धरून चाचा बघत राहिले.

त्यानं ताटातला कांदा वेचून फेकला. दुसरा घेतला, कागदासारखा पातळ चिरला, पाण्यात चोळून घट्ट पिळला. काकडीचं पाणी पिळून काढलं. पाट्यावर मोहरी घेतली. कुपा शिजला होता त्या पाण्याचे दोन चमचे तिच्यावर घातले आणि वरवंट्यानं फेसायला लागला. फेसता फेसता मोहरी पांढुरकी झाली, फुलली, दाटसर झाली. तिचा झणका दोघांच्या नाकात गेला. चाचा शिंकले.

"मीठ त्या डब्यात आहे," ते डोळे पुसत म्हणाले.

"कशाला मीठ?" निशिकांत त्यांच्यावर खेकसला. "कोकमाचं पाणी आहे, लिंबू आहे. मोहरी अशी नाकात चढली की मिठाची आठवण कुणाला येते?"

त्यानं ती मोहरी माशावर ओतली. लिंबू पिळलं. मिरची, कोथिंबीर. हलक्या हातानं कालवलं. भाकरीचा तुकडा मोडून त्यावर ढीग रचला आणि चाचांच्या नाकासमोर धरून तुकडा तिरका केला.

एक कणही पडला नाही.

"हे बघा! धरून राहिलंय. अंड्याशिवाय. तेलाशिवाय. याला म्हणतात करणं!"

आणि त्यानं तो तुकडा स्वतःच खाल्ला.

मग दुसरा. मग भाकरी संपेपर्यंत तो काही बोललाच नाही. नाकातून पाणी वाहत होतं, डोळ्यांतून वाहत होतं. ते पुसायलाही तो थांबला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या पुढचं ताट रिकामं झालं.

"चाचा," तो हात धुताना म्हणाला, "तुम्हाला हे येत नाही."

"नाही येत."

"उद्या मी करणार. आणि त्या धाकूला आजचा वाडगा विसरायला लावणार."

"पण तुम्ही जिंकलात ना?" चाचा म्हणाले. "तुम्हाला कुणी पथ्य सांगायचं नाही, असं ठरलंय."

"पथ्य?" निशिकांत ओरडला. "कसलं पथ्य? ही माझी कोशिंबीर आहे!"

दुसऱ्या दिवशी तो आला. धाकूनं दोन घास खाल्ले आणि कालच्या त्या लोण्यासारख्याची चौकशी केली. निशिकांतनं दातओठ खाल्ले. तिसऱ्या दिवशी त्यानं कांद्याऐवजी कोवळा मुळा घातला. पाचव्या दिवशी मोहरी जास्त झाली आणि एक खलाशी ठसका लागून बाहेर पळाला. सहाव्या दिवशी भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट आलं. कुंदाताईनं एकदा विचारलं, "रोज उन्हातान्हात कुठं निघतोस?" तेव्हा तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला शिकवायला."

टेकडीवर तो आता एकदाच थांबायचा. पुढं पुढं थांबेनासा झाला.

अकराव्या दिवशी धाकूनं वाडगा पुसला आणि म्हणाला, "अजून आहे का?"

निशिकांत दुसरीकडं तोंड करून बराच वेळ पातेलं घासत राहिला.

चाचा या सगळ्यात पाणी भरायचे, लाकडं आणायचे, भाकऱ्या थापायचे. सुरीला हात लावायचे नाहीत. कधीतरी त्यांच्या तोंडचं 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

महिन्यानं निशिकांत मुंबईला परत जायला निघाला. जुन्या हॉटेलात नाही. वृंदा आणि तो मिळून एक छोटी खानावळ काढणार होते. तिथं मेयोनीज मिळणार नव्हतं, आणि ज्याला ते हवं असेल त्याच्याशी भांडायची निशिकांतची तयारी होती.

निरोप घ्यायला तो नेहमीपेक्षा लवकर टेकडी चढला. सकाळची वेळ. खोलीचं दार उघडं होतं.

आत चाचा एकटेच पाटावर बसले होते. खिडकीतून खाडीकडं बघत होते, आणि न बघता कांदा चिरत होते. ताटात कांदा पडत होता... केसासारखा बारीक, एकसारखा, पारदर्शक. बावीस वर्षांत निशिकांतनं असा हात पाहिला नव्हता. शेजारी पाट्यावर फेसलेल्या मोहरीचा पांढुरका गोळा होता.

निशिकांत दारातच थांबला.

चाचांनी मान वळवली. सुरी खाली ठेवली.

"चाचा," निशिकांत म्हणाला. त्याचा आवाज कडक होता. "एकदाच विचारतो. पहिल्या दिवशी तुम्ही खरंच हरलात... की मुद्दाम हरलात?"

चाचांनी हात धुतले. पंच्याला पुसले. त्याच्यासाठी पाट मांडला.

"तुला जे पचेल, ते खरं."